ओके दाबण्याआधी ती चौकट वाचायला शिकवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी लेख आला होता. कोणती भाषा निवडावी, कशाला मागणी आहे, सराव किती करावा, हे सगळं त्यात नीट सांगितलं होतं. मात्र भाषा निवडली, पहिला प्रोग्राम लिहिला आणि तो अडला, पडद्यावर चूक सांगणारी चौकट आली, तर पुढे काय करायचं यावर एक ओळही नव्हती. शिकणारी बहुतेक मुलं तिथेच सोडून देतात, म्हणून हे पत्र.

मी २००१ पासून डेस्कटॉपवर चालणारी सॉफ्टवेअर लिहिते. खिडकी उघडते, त्यात रकाने असतात, बटण दाबलं की नोंद साठते, अहवाल छापला जातो, अशा प्रकारची. गेली अकरा वर्षं रविवारी सकाळी दोन तास मी नवशिक्यांचे फोन घेते. ओळखीतून ओळख निघत गेली आणि आता दर आठवड्याला चार-पाच जण तरी अडचण घेऊन येतात. त्यात कॉलेजची मुलं असतात, नोकरी बदलू पाहणारे असतात, आणि निवृत्तीनंतर हौसेने शिकणारेही असतात.

मागच्या महिन्यातला एक फोन जसाच्या तसा सांगते.

"ताई, प्रोग्राम चालत नाहीये."

"म्हणजे नक्की काय होतंय?"

"एरर येतोय."

"काय लिहिलंय त्यात?"

"इंग्रजीत मोठं काहीतरी होतं. मी ओके केलं."

अकरा वर्षांत हे शेवटचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याची मोजदाद नाही. मी त्याला म्हटलं, पुन्हा रन कर, चौकट आली की ओके दाबू नकोस, मला एकेक शब्द वाचून दाखव. त्याने अडखळत वाचलं, "क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड. कंट्रोल लेबल-वन ॲक्सेस्ड फ्रॉम अ थ्रेड अदर दॅन द थ्रेड इट वॉज क्रिएटेड ऑन." (लेबल म्हणजे खिडकीत मजकूर दाखवणारी जागा, आणि थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकापाठोपाठ एक काम करत जाणारा धागा. एका प्रोग्रामात असे अनेक धागे असू शकतात.) मी म्हटलं, आता हेच मराठीत सांग, येईल तसं सांग. थोडा थांबून तो म्हणाला, "लेबल ज्या थ्रेडमध्ये तयार झालं, तो सोडून दुसऱ्याच थ्रेडने त्याला हात लावला." मग बराच वेळ तो गप्प होता. आणि एकदम म्हणाला, "ताई, फाइल वाचायला मी वेगळा थ्रेड केलाय. त्यातूनच मी लेबलवरचा आकडा बदलतोय!"

मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. दोन आठवडे तो या एका जागी अडून होता, आणि उत्तर दोन आठवडे त्याच्या पडद्यावर लिहिलेलं होतं. मुलगा हुशार आहे. पण पडद्यावरची ती चौकट वाचायची असते, असं त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. शिकवणाऱ्यांनी लूप शिकवला, क्लास शिकवला, डेटाबेस जोडायला शिकवला. चौकट आली की ती घालवायची असते, एवढं मात्र तो आपलं आपण शिकला होता.

त्याने वेगळा थ्रेड का केला, तेही मी विचारलं. आधी त्याची खिडकी हँग व्हायची. बटण दाबलं की सगळं पांढुरकं पडायचं आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' यायचं. कुणीतरी त्याला म्हणालं, "थ्रेड लाव," आणि चार ओळी पाठवल्या. खिडकी का गोठत होती, हे सांगायला त्या माणसाला जेमतेम दोन मिनिटं लागली असती. ती त्याने दिली नाहीत, म्हणून पहिली अडचण सुटली आणि तिच्या जागी न समजणारी दुसरी उभी राहिली.

ती दोन मिनिटं मी इथे देते, कारण डेस्कटॉप प्रोग्रामिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही ठेच लागतेच. खिडकी असलेल्या प्रोग्रामपुढे निरोपांची एक रांग असते. माउस हलला, कळ दाबली गेली, खिडकी पुन्हा रंगवायची आहे, असं सगळं त्या रांगेत येऊन थांबतं. एकच थ्रेड रांगेतला एकेक निरोप उचलतो आणि निकालात काढतो. तुम्ही बटणाच्या कोडमध्ये तीन हजार फाइल वाचायला घेतल्यात आणि त्याला चाळीस सेकंद लागली, तर ती चाळीस सेकंद रांग जागची हलत नाही. खिडकीला स्वतःला रंगवताही येत नाही. पाच सेकंद निरोप उचलले गेले नाहीत की विंडोज समजते, हा प्रोग्राम अडकला, आणि ते पांढुरकं आवरण घालते. म्हणून लांबलचक काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवायचं. मात्र खिडकीतल्या लेबलला, बटणाला हात लावायचा तो रांग सांभाळणाऱ्या मूळ थ्रेडनेच. दुसऱ्या थ्रेडला काही दाखवायचं असेल तर त्याने निरोप मूळ थ्रेडकडे धाडायचा. खिडक्या बनवण्याच्या साधनांपैकी विंडोज फॉर्म्समध्ये त्याला इन्व्होक आहे, जावाच्या स्विंगमध्ये इन्व्होक-लेटर आहे, क्यूटीमध्ये सिग्नल आहेत. नावं निराळी असली तरी नियम एकच.

आणि ती चौकट आपोआप येत नाही. २००२ साली डॉटनेटची, म्हणजे विंडोज फॉर्म्स ज्याचा भाग आहे त्या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचाची, पहिली आवृत्ती आली, तेव्हा ही तपासणी नव्हती. दुसऱ्या थ्रेडने लेबल बदललं तर कधी चालायचं, कधी प्रोग्राम मध्येच कोसळायचा, आणि कारण सापडायचं नाही. २००५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनात, चालवताना ही चूक मुद्दाम अडवून दाखवली जाऊ लागली. पुढच्या माणसाचे हाल होऊ नयेत म्हणून कुणीतरी बसून ती चौकट लिहिली आहे. न वाचता ती बंद करणं म्हणजे मदतीला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला हा विषय एवढा का लागतो ते कळणार नाही.

मी नोकरीला नवी होते. साहित्याच्या आवक-जावकीच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला, व्हीबी सिक्समध्ये, म्हणजे व्हिज्युअल बेसिक या भाषेच्या सहाव्या आवृत्तीत, मागे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदींचा अहवाल छापायचा. २० जानेवारी २००२ ला तो सुरू केला आणि महिनाअखेरपर्यंत एक दिवसही तक्रार आली नाही. १ फेब्रुवारीला अहवाल कोरा आला. नोंदी होत्या, पडद्यावर दिसत होत्या, पण अहवालात एकही नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरा. नंतर १२ तारखेपर्यंत कोरा, आणि १३ तारखेपासून आपोआप नीट.

मी वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, "एवढंही येत नाही? मशीन रीस्टार्ट करून बघ." सगळ्यांसमोर म्हणाले. १३ तारखेला अहवाल नीट आल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला आणि कुणाशी काही बोलले नाही. त्यानंतर जे झालं, ते त्या न बोलण्यामुळे झालं. २ मार्चला अहवाल कोरा नव्हता, भरलेला होता. पण त्यात नोंदी होत्या ३ फेब्रुवारीच्या. कोरा कागद हातात आला तर कुणीही विचारतं. भरलेल्या कागदावर माणूस सही करतो. तशी सही झाली, आणि साठा मोजताना आकडे जुळेनात तेव्हा चार दिवसांनी ते उघडकीला आलं. सामान सांभाळणाऱ्या माणसावर संशय घेतला गेला. त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

दुसऱ्या विभागातल्या एक बाई तेव्हा माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा कोड मागितला नाही. म्हणाल्या, "कोणत्या तारखांना बिघडलं आणि कोणत्या तारखांना नीट चाललं, तेवढं कागदावर लिहून काढ. दोन रकाने कर." मी लिहायला लागले. नीट चाललेल्या रकान्यात १३ पासून पुढच्या सगळ्या तारखा आल्या. त्यांच्याबरोबर दोन सुट्या तारखा होत्या, २ फेब्रुवारी आणि ३ मार्च. मी त्या दोन तारखांकडे बघत राहिले. दुसऱ्या महिन्याची दुसरी. तिसऱ्या महिन्याची तिसरी. दिवस आणि महिना उलटे केले तरी ज्या तशाच राहतात, त्या!

सगळा उलगडा तिथेच झाला. नोंद साठवताना तारीख बरोबर जात होती. अहवालासाठी शोधताना मात्र मी तारीख मजकूर म्हणून क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, जोडत होते, आपल्या सवयीने दिवस आधी आणि महिना नंतर. ॲक्सेसचं इंजिन अशी तारीख अमेरिकी पद्धतीने वाचतं, महिना आधी. १ फेब्रुवारी त्याने २ जानेवारी म्हणून शोधली, आणि तेव्हा प्रोग्राम सुरूच झालेला नव्हता. २ मार्च त्याने ३ फेब्रुवारी म्हणून शोधली. १२ च्या पुढे महिना असूच शकत नाही, म्हणून तिथे ते निमूटपणे आपली पद्धत मान्य करायचं. दुरुस्ती एका ओळीची होती.

त्या बाईंना उत्तर आधीच माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माहीत असेलही. पण त्यांनी उत्तर दिलं असतं तर मी ती एक ओळ बदलली असती आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या कोड्यापुढे पुन्हा तशीच गप्प बसले असते. त्यांनी मला दोन रकाने दिले. आजही काही बिघडलं की मी आधी कागद घेते आणि दोन रकाने आखते.

महोदय, नवशिक्यांना मदत या विषयावर मला जे म्हणायचं आहे ते याच अनुभवातून आलेलं आहे. शिकणाऱ्याला आपली अडचण नीट बघता येणं आणि ती नीट सांगता येणं, ही शिकवण्याची गोष्ट आहे. आपण ती शिकवत नाही. आणि ती येत नाही म्हणून वर त्यालाच बोल लावतो.

मदत मागताना काय सांगावं, हे खरं तर फार नाही. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि चौकटीत शब्दशः काय लिहिलं होतं. जोडीला भाषा कोणती आणि तिची आवृत्ती कोणती. या शेवटच्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि डेस्कटॉपच्या जगात तीच फार नडते. मुलं नुसतं 'व्हीबी' म्हणतात. व्हीबी सिक्स १९९८ चं, आणि २००२ मध्ये आलेलं व्हीबी डॉटनेट ही नावाने बहीण असली तरी स्वभावाने वेगळी भाषा आहे. जुन्या व्हीबीत इंटिजर, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा प्रकार, ३२,७६७ च्या पुढे जात नाही, नव्यात तोच शब्द दोनशे कोटींच्या पुढे मोजतो. जुन्या पुस्तकातल्या ओळी नव्या भाषेत चिकटवून एका मुलीने आठवडा घालवला आणि प्रोग्रामिंग आपल्याला जमणारं नाही अशा निष्कर्षाला ती आली होती. तिची चूक नव्हती. तिच्या पुस्तकावर 'व्हीबी' एवढंच मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

पायथनवाल्यांचं वेगळं असतं. टीके-इंटर या खिडक्या बनवण्याच्या साधनात बटण करताना कमांड म्हणून फंक्शनचं नाव द्यायचं असतं. नवशिका नावापुढे कंस टाकतो. कंस टाकला की फंक्शन तिथल्या तिथे, खिडकी दिसायच्या आधीच चालून जातं, आणि बटणाला काहीच उरत नाही. मग बटण कितीही दाबा. इथे चौकटही येत नाही, त्यामुळे वाचायलाही काही नसतं. "बटण काम करत नाही" एवढंच तो सांगतो. मी विचारते, "प्रोग्राम सुरू होताना एखादी गोष्ट आपोआप घडते का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो ताई, सेव्ह झालं असा मेसेज सुरुवातीलाच येतो, पण ते वेगळं आहे." ते वेगळं नसतं. पण दोन घटना शेजारी ठेवून बघायची सवय लागेपर्यंत त्या वेगळ्याच वाटतात, आणि त्यात त्याला कमी लेखण्यासारखं काही नाही.

मागे एका निवृत्त ग्रंथपाल काकांचा फोन आला होता. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते प्रोग्रामिंग शिकले आणि पुस्तकांच्या नोंदींसाठी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहीत होते. त्यांनी अडचण सांगितली ती अशी: "दोनशे बारा पुस्तकं नीट चढली. दोनशे तेरावं चढत नाही. नाव बदलून टाकलं तर चढतं. आधी वाटलं नाव लांब आहे म्हणून. पण त्याहून लांब नावं चढलेली आहेत. मग मी नावातला एकेक शब्द काढून पाहिला. इंग्रजी नावात तो वर लटकणारा स्वल्पविराम आहे ना, तो काढला की चढतं." मी फोनवर बसल्या जागी टाळी वाजवली. ते एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे एसक्यूएलच्या, डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, दृष्टीने मजकूर संपल्याची खूण. काका नाव सरळ क्वेरीत जोडत होते, त्यामुळे डेटाबेसला वाटायचं की नाव तिथेच संपलं आणि उरलेली अक्षरं हा हुकूम आहे. अशा ठिकाणी क्वेरीत जागा राखून मूल्य वेगळं द्यायचं असतं, पॅरामीटर म्हणून. याच फटीतून परक्या माणसाला तुमच्या डेटाबेसला भलतेच हुकूम देता येतात, म्हणून हे शिकणं सुरक्षिततेसाठीही लागतं. काकांना मी एवढं सांगितलं आणि आमचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. आयुष्यभर पुस्तकं नोंदवलेल्या माणसाची ती नजर होती. बारकाईने बघणं त्यांना आधीपासून येत होतं, प्रोग्रामिंग मागाहून आलं.

शोधाची जागा अशी कमी कमी करत नेण्याची रीत नवी नाही. १९८२ मध्ये एडवर्ड गॉस यांनी संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकात ती लांडग्याच्या दाखल्याने मांडली होती. अलास्कात एक लांडगा आहे, तो कसा शोधाल? मधोमध कुंपण घाला, ओरडण्याची वाट बघा, आवाज कुठल्या अर्ध्यातून येतो ते ठरवा, मग त्या अर्ध्यात पुन्हा कुंपण. हजार ओळींच्या प्रोग्रामलाही हे लागू पडतं. मध्यावर थांबायचं, तिथवर मूल्यं बरोबर आहेत का बघायचं, आणि अर्धा प्रोग्राम निर्दोष ठरवून बाजूला ठेवायचा. दहा वेळा अर्धं केलं की हजारातली एक ओळ हाती येते. व्हिज्युअल स्टुडिओत त्यासाठी एफ ९ दाबून ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रामला थांबवणारी खूण, लावायचा आणि एफ १० ने एकेक ओळ पुढे सरकायचं. दोन वर्षं शिकलेली मुलं माझ्याकडे येतात आणि ती कळ त्यांनी एकदाही दाबलेली नसते. हे मला फार लागतं. सुताराला रंधा दाखवला आणि गुण्या दाखवलाच नाही, तसं हे आहे.

मदत करणाऱ्यांविषयीही बोललं पाहिजे. "आधी वाचून ये," "हे तर पहिल्या धड्यात असतं," असं म्हणणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत. एकदा असं ऐकलेला माणूस पुन्हा विचारत नाही, लपवतो. लपवण्याची एक सोयही भाषेत असते, हे बाहेरच्यांना माहीत नसेल. जुन्या व्हीबीत 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' अशी एक ओळ टाकली की कुठलीही चूक झाली तरी प्रोग्राम न बोलता पुढच्या ओळीवर जातो. नव्या भाषांत रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे चूक पकडून काहीच न करणारा भाग, तेच करतो. तिची योग्य जागा असते, पण मी पाहते त्यातल्या बहुतेक ठिकाणी ती ओळ ओरडा खाल्लेल्या माणसाने टाकलेली असते. चौकट येणं बंद होतं, विचारावं लागत नाही, आणि चूक आत तशीच राहते. पुढे कधीतरी ती कुणाच्या तरी हिशेबात निघते.

याच्या उलट टोकाला अति दयाळू लोक असतात. ते सगळा कोड मागवून घेतात, रात्री जागून दुरुस्त करतात आणि परत पाठवतात. मीही पहिली दोन-तीन वर्षं हेच केलं. मुलं मनापासून आभार मानायची आणि पुढच्या रविवारी तशाच अडचणीसाठी पुन्हा फोन करायची. आता मी कोड घेत नाही. "एक नवा प्रोग्राम कर, त्यात फक्त एक खिडकी आणि एक बटण, आणि तीच चूक त्यात घडवून दाखव," असं सांगते. बरेच जण ते करता करताच मधे फोन करून सांगतात की सापडलं.

आता पुष्कळ मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि माझे रविवारचे फोन काही महिने कमी झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इंग्रजी चौकट तशीच उतरवून दिली आणि मराठीत अर्थ विचारला, तर हे साधन चांगला अर्थ सांगतं, आणि रात्री दोन वाजता न चिडता सांगतं. त्यासाठी ते वापराच. पण फोन पुन्हा वाढले, आणि ते कसे ते बघा. मुलगा यंत्रालाही "प्रोग्राम चालत नाही" एवढंच सांगतो. यंत्र पाच शक्यता देतं. तो पाचही एकाखाली एक चिकटवतो. मग माझ्यापर्यंत येतो तेव्हा मूळ चूक आणि पाच उपाय यांचा असा गुंता झालेला असतो की सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नीट सांगता येणं आता आधीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे, माणसाला सांगायचं असो की यंत्राला.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. मराठीतून शिकलेल्या मुलाला त्या चौकटीची भीती वाटते ती बरीचशी इंग्रजीची भीती असते. 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट' हे वाक्य दिसलं की त्याला वाटतं, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून कळत नाही. खरं सांगायचं तर हे वाक्य पहिल्यांदा वाचून इंग्रजीत वाढलेल्या मुलालाही काही कळत नाही. त्याचा अर्थ एवढाच आहे: तुम्ही एका पेटीचं नाव लिहून तिच्यातली वस्तू मागितलीत, पण त्या नावाची पेटी अजून कुणी आणून ठेवलेलीच नाही. पेटी कुठे आणायला हवी होती ते वरच्या ओळींत शोधा. मराठीत हे सांगितलं की बारावीतल्या मुलालाही कळतं. 'काहीच नाही' दाखवणारा हा नल संदर्भ ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी आणला, आणि २००९ मध्ये त्यांनी स्वतःच त्याला आपली एक अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाने आपली चूक चारचौघांत सांगितली. मुलं रडकुंडीला येतात तेव्हा मी त्यांना हे सांगते.

शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मुलांच्या वहीत बरोबर चाललेल्या प्रोग्रामचाच निकाल चिकटवलेला असतो. प्रत्येक प्रयोगाला एक पान बिघडलेल्या प्रोग्रामचं ठेवा. चौकटीतला मजकूर शब्दशः, त्याचा मराठी अर्थ, कुठे शोधलं आणि काय सापडलं. गुण त्यालाही द्या.

आणि आपल्याला विनंती अशी की पुरवणीत दर आठवड्याला हाताच्या पंजाएवढी जागा यासाठी द्यावी. एका आठवड्याला एकच चौकट. तिचे शब्द देवनागरीत, तिचा सरळ मराठी अर्थ, ती कशामुळे येते आणि आधी कुठे बघायचं, एवढंच. भाषा आणि आवृत्ती ठळक अक्षरांत. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन, आणि माझ्या ओळखीतले आणखी दोघे जण तो तपासायला तयार आहेत. पहिल्या सहा चौकटींचा मजकूर या पत्रासोबत जोडला आहे. ग्रंथपाल काकांचं अवतरणचिन्ह त्यात तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्यांची परवानगी मी घेतली आहे, आणि तपासणाऱ्या दोघांपैकी एक तेच आहेत.

आपली नम्र,
रविवारी फोन घेणारी एक प्रोग्रामर